सगळ्या उंबऱ्यांचे दही

काल्याचे दही एका घरचे नसते. हंडीत पडले की ते कोणाच्या गोठ्यातले, कोणाच्या चुलीवरचे, हे देव विचारत नाही. विचारतात ती माणसे. आणि माणसांनी विचारलेच, तर खरे सांगायचे की गप्प राहायचे, या एका प्रश्नाने वाघजाईच्या कोंडावरच्या चंद्राबाईचा जीव टांगणीला लागला होता.

पोलादपूर सोडून उमरठकडे जावे, तिथून चढणीला लागावे, दम लागून झऱ्याचे पाणी प्यावे, की समोर हा कोंड, डोंगरातली एक वाडी. थोडे उंबरे, विठ्ठलाचे देऊळ, बंद पडलेली शाळा, आणि निम्म्या घरांना कुलपे. कारण त्या घरांतले हात मुंबईत. चैत्रात सप्ताह बसला की कुलपे निघत, चाकरमानी येत, वीणा खाली ठेवली जात नसे, आणि शेवटच्या दिवशी काला होई. तो काला आता उद्यावर आला होता.

चुलीच्या उबेला ठेवलेल्या गाडग्यावरचे झाकण चंद्राबाईने उचलले. दही असे लागले होते की सुरीने चिरावे. एरवी तिला बरे वाटले असते. आज तिने झाकण पटकन परत ठेवले.

"काय गो, लागलं नाय का?" म्हशीचे दावे खांद्यावर टाकून तिचा नवरा दारात उभा होता. आबाजी त्याचे नाव. माणूस भजनाचा, पण गेली दोन वर्षे ज्याचा टाळ खुंटीवरच होता असा.

"लागलंय. म्हनून तर भ्या वाटतं."

"लोकांचं लागत नाय म्हनून रडतात, तुझं लागलं तरी रड. मी आपला म्हशीबरोबर रानात जातो. ती निदान रवंथ करते, इचार नाय करत."

तो हसला, ती हसली नाही. तिची भीती त्यालाही ठाऊक होती. म्हणून तर त्याला रान आठवत होते.

त्यांची लेक अक्षदा महाडला दुकानात कामाला होती. तिथे तिने अश्वजितशी लग्न केले. मुलगा शिकलेला, नम्र, चवदार तळ्याजवळच्या आळीत राहणारा. ज्या समाजाला एके काळी त्याच तळ्याच्या पाण्याला शिवू दिले नव्हते, त्या समाजातला. लग्नानंतर दोघे पाया पडायला कोंडावर आले. चंद्राबाईने जावयाला ओटीवर नव्हे, माजघरात बसवले, पाट मांडला, भाकरीवर आपल्या हाताने लोणी वाढले. त्याच संध्याकाळी देवळासमोर गावकी बसली. गावकीचा पुढारी मालोजी. त्याने फार मागितले नाही, एक वाक्य मागितले. चुकले म्हणा, आणि विषय संपवा.

आबाजीचे ओठ हलले होते. पण चंद्राबाई आधी बोलली, "जेवू घातलं ही चूक असंल, मालोजी, तर देवळातला परसादबी चूकच म्हनावा लागंल."

"मग त्या घरचं जो खाईल तो त्यांच्यातला," मालोजीने निवाडा दिला, आणि ते घर वाळीत पडले. कायदा आता असल्या निवाड्याला गुन्हा म्हणतो, म्हणून तो शब्द कोणी उच्चारत नसे. घर 'बाजूला ठेवलंय' एवढेच म्हणत. पण बाजूला ठेवणे म्हणजे काय, हे पाणवठ्यावर कळते. चंद्राबाई आली की हंडे भराभर उचलले जात. लावणीला तिच्या शेतात कोणी येत नसे, तिला कोणी बोलावत नसे. काल्याच्या प्रसादाला तिचा उंबरा पुकारला जात नसे. अहो, उपाशी माणसाला घासभर अन्न मिळाले तर तो जगतो. पण आपल्या हातचा घास कोणीच घेत नाही, या उपासाला कोणते अन्न पुरणार?

पोटाची खरी उपासमारही कोंडाला नवी नव्हती. मागच्या पावसाळ्यात आंबेनळी घाटाच्या अंगाला दरडी आल्या, कोंडाचा रस्ताही खचला, रेशनची गाडी वर चढेना. शेते पडीक, गुरे विकलेली. पोरे पाकिटातल्या शेवया कोरड्याच चावत. पूनम नावाच्या तरुण सुनेची लेक तर इतकी वाळली की अंगणवाडीच्या काट्यावर तिला ठेवले तरी काटा हलायचा कंटाळा करी. केस भुरे, हात काड्यांसारखे.

तेव्हा महाडच्या एका संस्थेची सोनाली वर आली. तिने भाषण केले नाही. बंद शाळेच्या पडवीत चूल मांडली. नाचणी, वरी, कुळीथ, शेवग्याचा पाला, टाकळा. जे दारात आहे आणि जे आपण खायचे विसरलो, ते पुन्हा रांधायला शिकायचे. नियम साधा. प्रत्येकीने घरून मूठभर काही आणायचे, ते एका भांड्यात शिजवायचे, आणि पोरांसकट एका पंगतीला बसायचे.

चंद्राबाई आपल्या अंगणातून तो पळीचा आवाज ऐके. एके दिवशी तिला राहवले नाही. घरचे ताट पदराखाली घेऊन ती गेली आणि पडवीच्या शेवटच्या खांबाला टेकली. ये कोणी म्हटले नाही, जा कोणी म्हटले नाही. मालोजीने बायकांना बजावून ठेवले होते, "बाहेरच्या बाईसमोर तमाशा नको. बसू दे. पन चुलीला तिचा हात लागता कामा नये."

"मावशी, पुढे या ना," सोनाली म्हणाली.

"नको ताई, गुडघं धरलेत. चुलीपाशी वाकवत नाय."

साऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. त्या एका खोट्या वाक्याने चंद्राबाईने सगळ्यांचीच लाज झाकली. मग ती रोज त्या खांबाशी बसू लागली. वाढप शेवटी तिच्याकडे येई, वरून, ताटाला पळी न लावता. तरी ती पंगत होती. पंगतीचे टोक का असेना, ते पंगतीचेच टोक होते.

आणि तिथे ती चूक घडली.

सोनाली म्हणाली, आंबिलीला ताक हवे, पोरांना दही हवे. विरजण कोणाकडे आहे? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. गोठे रिकामे झाल्यापासून पोलादपूरहून पिशवीचे दूध येई, चहात संपे. दही लावणारे घर कोंडावर एकच उरले होते, आणि त्या घराचे नाव कोणी घेणार नव्हते. सोनालीची चढण संपली की पहिले घर चंद्राबाईचे. तिथे ती रोज टेके, ताक पिई. दुसऱ्या दिवशी तिने सहज म्हटले, "मावशी, थोडे विरजण द्या." आदल्या दिवशीचे बोलणे चंद्राबाईच्या कानी पडले नव्हते; तिला वाटले, महाडला नेत असेल. तिने ताईचा डबा भरून दिला. थोड्या वेळाने पडवीत तोच डबा उघडला गेला, आणि प्रत्येकीच्या वाटीत एकेक चमचा पडला. बायका समजल्या ते साधेच होते. ताई महाडच्या, डबा ताईंचा, मग दहीही महाडचेच.

खांबाशी चंद्राबाईचे तोंड उघडले. शब्द जिभेवर आला. समोर पूनम आपल्या लेकीला बोटाने दही चाटवत होती, आणि ती वाळकी पोर, अन्न दिसले की तोंड फिरवणारी, पुन्हा जीभ बाहेर काढत होती. चंद्राबाईने तोंड मिटले.

बस, एवढेच. त्या क्षणी ती बोलली नाही. मग रोजच बोलायचे राहिले. दुधात दुसरे दूध, विरजणाला विरजण, घराघरांत गाडगी लागली. पिशवीचे दूध चहाआधी गाडग्यात जाऊ लागले. कोणी वासरू आणले, कोणी शेळी.

"महाडच्या म्हशी काय खात असतील गो?" एकीने विचारले. "आपल्याकडं असं दही लागतच नव्हतं."

"आपल्या म्हशी डोंगर चढून दमतात, त्या बाजार फिरून खातात. दह्यातच फरक पडनार!"

सगळ्या हसल्या. खांबाशी चंद्राबाईने पदर तोंडाला लावला. हसू आवरायला लावला, आणि मग डोळ्यांना लावावा लागला.

पुढे सप्ताहाची बैठक झाली. मालोजी आनंदात होता. "औंदा इकतचं दही नको. पूर्वीसारखा पर्तेक उंबरा आपलं दही आनंल." तेव्हापासून चंद्राबाईला ही भीती होती. घरी नकळत खाल्ले, ते खाल्ले. पण देवाच्या हंडीत? तिथे तर हंडी भरल्यावर पुकारणारा विचारतो की, कोणी काही लपवले असेल तर बोला. काला निर्मळ मनाने खायचा असतो. आजवर त्या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नव्हते. तो विचारायचा प्रघात होता, सांगायचा नव्हता.

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी सोनाली ताक प्यायला थांबली, तेव्हा चंद्राबाईने तिला सारे सांगितले. सोनाली पेला हातात धरून जोत्यावर बसली. गुडघ्यांचे दुखणे कसले होते, हे तिला त्या घटकेला कळले.

"मावशी, हा गुन्हा आहे. मी उद्याच तक्रार देते."

"द्या की. पोलीस दार उघडायला लावतील, ताई. पन ताट कोन वाढंल?"

"मग गप्प राहा. कशाला बोलायचे? तुमच्या हातचे सगळा गाव खातोय, आणखी काय हवे?"

"चोरून खातोय. म्या चोरून घालते. तुम्हीच सांगा, देवाच्या दारात चोर कोन, गाव का मी?"

सोनालीने डोळे पुसले. मग हलकेच ती म्हणाली, "तुम्ही बोललात तर पडवीतला हा रांधायचा वर्ग बंद पाडतील. पूनमच्या मुलीच्या अंगावर आत्ता कुठे मांस चढतेय."

चंद्राबाईने तिच्या हातातला पेला काढून घेतला. एका पारड्यात खरे बोलणे, दुसऱ्या पारड्यात एका लेकराचा घास. विठ्ठला, असला तराजू तू म्हातारपणी कुणाच्या हातात का देतोस?

काल्याची सकाळ उजाडली. देऊळ गच्च भरले. मृदंगावर थाप पडली, कीर्तनकार बुवांनी कमरेला उपरणे बांधले. सभामंडपाच्या मधोमध मोठी हंडी, भोवती लाह्यांच्या पराती. मालोजी उंबरा पुकारी, त्या घरची बाई येऊन गाडगे रिते करी, आणि लोक 'विठ्ठल' म्हणत. शुभ्र दही शुभ्र दह्यात मिळत होते. डोळ्याला कुठे शिवण दिसत नव्हती. खांबाला टेकून मालोजीची म्हातारी आई बसली होती. तिच्या तोंडात दात उरले नव्हते, ती दहीभातावरच जगत होती. पूनम लेकीला कडेवर घेऊन उभी होती. चंद्राबाई आणि आबाजी देवळाबाहेर, पायरीखाली. आबाजीची बोटे मांडीवर टाळाचा ठेका धरत होती.

"आले सगळे उंबरे!" मालोजीने आवाज चढवला. "देवाच्या हंडीत कुनी काय लपवलं असंल तर आत्ताच बोला."

मृदंगवाल्याने हात उचललाच होता.

"मालोजी, थांब."

आवाज मोठा नव्हता. पण ज्या आवाजाला दोन वर्षे कोणी उत्तर दिले नव्हते, तो देवळात शिरला आणि वीणेची तार धरणारे बोटही थबकले.

"ह्या हंडीत माझं दही हाय," चंद्राबाई म्हणाली.

"तुझा उंबरा घेतला नाय."

"माझा नाय घेतला. ज्यांचे घेतलेस, त्या साऱ्यांचं इरजन माझ्या गाडग्यातलं. ताईंनी महाडवरून नाय आनलं, माझ्याकडून नेलं. त्यांना काय ठावं नव्हतं. मला ठावं होतं, आन मी गप बसले. तेवढी माझी चूक, देवासमोर कबूल करते." ती दम घ्यायला थांबली. "जावयाला जेवू घातलं, ती नाय."

मग एकदम सगळे झाले. कोणी ओरडले, "बाटवला काला!" कोणी म्हणाले, "ओता, खालच्या वहाळात ओता!" दोघा-तिघा तरुणांनी हंडीच्या कडांना हात घातला. हंडी कलली, दह्याची लाट काठाला आली. सोनाली पुढे धावली. चंद्राबाईने मान हलवून तिला अडवले. आबाजीने बायकोचे मनगट धरले होते.

"हां, ओता!" हा आवाज पूनमचा होता. ती लेकीला घेऊन हंडीसमोर आली. "पन मग माझ्या घरातलं गाडगंबी नेऊन ओता. आन हिच्या अंगावर जे चढलंय ना, तेबी खरवडून ओता. घ्या, धरा हिला!"

तिने खरोखरच पोर पुढे केली. हंडी धरलेल्या हातांना सुचेना की हंडी सोडावी की पोर घ्यावी. पोरीने मात्र संधी साधून हंडीत हात बुडवला आणि तोंडात घातला.

मुंबईहून आलेला विपुल मागून बोलला, "मालोजीकाका, रूल काय होता? त्या घरचं जो खाईल तो त्यांच्यातला. मग अख्खा कोंड आउट? अंपायर पन?"

कोणीतरी फसकन हसले, आणि लगेच गप्प झाले, कारण मालोजीचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो आपल्या आईकडे पाहत होता.

म्हातारीने विचारले, "माल्या, मला रोज काय चारत व्हतास रे?"

"दहीभात, आये."

"ह्याच दह्याचा?"

म्हातारीने लुगड्याला हात पुसला, तळवा पुढे पसरला आणि पायरीच्या दिशेने हाक दिली, "चंद्रे, वर ये गो. वाढ मला. भूक लागलीय."

हंडीवरचे हात सुटले. चंद्राबाई मात्र पायरीखालीच उभी राहिली. शेवटी पूनमच पायरी उतरून आली. "काकी," ती म्हणाली. दोन वर्षांत कोंडावरच्या कोणी तिला त्या नावाने हाक मारली नव्हती. "हात धुवा. लाह्या सादळतील."

सगळा गाव जेवला, असे म्हणता आले असते तर फार गोड झाले असते. पण खोटे का सांगावे? काही उंबरे पाठ फिरवून निघून गेले. मालोजी न जेवता तुळशीपाशी उभा राहिला. बाकीच्यांनी तळहात पुढे केले, काहींनी डोळे वर न उचलता. चंद्राबाईने वाढले. हरएक हातावर ठेवताना ती पुटपुटत होती, नाव देवाचेच होते. मागे टाळ वाजू लागले, आणि आबाजीच्या हातात टाळ कोणी दिला, हे त्याला पुढेही कधी आठवले नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाला बायका कमी आल्या. काहींना घरच्यांनी अडवले होते. भांडे लहान चढवावे लागले. पण खांबाजवळची जागा रिकामी होती, चंद्राबाई चुलीपाशी बसून आंबील ढवळत होती आणि सोनाली तिला मुद्दाम विचारत होती, "मावशी, गुडघे कसे आहेत?"

"काल देवळाच्या पायऱ्या चढले ना, सुटले!"

दिवेलागणीच्या सुमारास आबाजीने अंगणाच्या कडेला कोणी उभे पाहिले. मालोजी होता. हातात वाटी होती. घरचे सारे दही हंडीत गेले होते, आणि दह्यावाचून म्हातारीने सकाळपासून घास घेतला नव्हता.

"दही हाय का?" तो मान खाली घालून पुटपुटला.

"दिवा लागल्यावर दही देत नाय कुनी," आबाजी आत येऊन बायकोच्या कानाशी लागला. "दे नायतर नको देऊ, मी आपली आठवन केली."

चंद्राबाईला मालोजीचे ऐकू आले होते. ती चुलीपुढून उठून दारात आली. शेजारच्या घरांतून माणसे डोकावू लागली होती.

"मोठ्यानं बोल, मालोजी. माझ्याशी कुनी बोलायची सवय मोडलीय. ऐकू येत नाय."

मालोजी एक पाऊल अंगणात आला. मग सगळ्या कोंडाला ऐकू जाईल असे म्हणाला, "काकी, आईसाठी दही पायजे."

"देते. आईला उपाशी ठेवनार नाय मी. पन आधी ऐक." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आरतीनंतर येतो तसा. "येत्या रविवारी माझी लेक आन जावई येनार हायेत. ते माजघरात जेवतील, आन मग देवळात पाया पडायला जातील. हे घर त्यांचं हाय, आन दहीबी त्याच घरचं हाय. हे समजून घ्यायचं असंल, तर वाटी पुढं कर."

डोंगरावरून वारा उतरला. दिव्याची ज्योत आडवी झाली, पुन्हा उभी राहिली. शेजारपाजारचे डोळे मालोजीच्या हाताला चिकटले होते. त्याने एकदा देवळाच्या कळसाकडे पाहिले, एकदा आपल्या घराकडे, जिथे आई भाताचे ताट समोर घेऊन बसली होती.

मग त्याने चपला काढल्या, आणि वाटी पुढे केली.